सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी युनिट मोजा, मग रेंजचं बोलू

सांगली-मिरज रोडवरचं हे सेकंडहँड गाड्यांचं दुकान, आणि ही २०२१ ची टाटांची नेक्सॉन ईव्ही. डिस्प्लेवर बघा, चार्ज शंभर टक्के आणि खाली रेंज २२८ किलोमीटर. गाडी बघायला आलेल्या काकांची लेक पुण्यात असते, त्यामुळं त्यांच्या डोक्यात एकच हिशोब, सांगली ते पुणे सव्वादोनशेच्या वर थोडं, म्हणजे "एका दमात जाईल की ओ ही." दुकानदार पण म्हणतोय, जाईल की काका, आरामात.

नाही जाणार. आणि गंमत म्हणजे दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही, गाडी जे दाखवतीय तेच तो वाचून दाखवतोय.

तो २२८ चा आकडा येतो कुठनं, हे आधी समजून घेऊया. गाडीतला कॉम्प्युटर बघतो की मागच्या काही किलोमीटरमध्ये गाडी कशी चालली, किती करंट खाल्ला, आणि त्यावरनं अंदाज बांधतो की उरलेल्या चार्जमध्ये अशीच चालवली तर कुठपर्यंत जाईल. म्हणजे आधीचा मालक विश्रामबागेतनं मार्केटला चाळीसच्या स्पीडने, एसी बंद ठेवून जात असेल तर आकडा फुगणार, आणि तीच गाडी कोणी हायवेला शंभरने हाणून आणली असेल तर आकडा पडणार. बॅटरी दोन्ही वेळेला तीच. तो आकडा चालवणाऱ्याबद्दल सांगतो, बॅटरीबद्दल फार कमी सांगतो, म्हणून त्यावर गाडीची किंमत ठरवू नका.

आणि कंपनीचा आकडा? जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटची बॅटरी आणि ३१२ किलोमीटर रेंज असं सर्टिफिकेट होतं. ती टेस्ट होते रोलरवर, ठरलेल्या सायकलप्रमाणे, सरासरी स्पीड अगदी कमी आणि जास्तीत जास्त ताशी ९०. पेठ नाक्यापुढं लागणारा ट्रकचा रांगडा ट्रॅफिक त्यात नाही, मेमधला एसी नाही, घाट नाही. स्वतः टाटांनी २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही आणली तेव्हा मोठ्या बॅटरीला सर्टिफिकेटचे ५८५ किलोमीटर सांगितले आणि सोबत हेही सांगितलं की बहुतेक लोकांना प्रत्यक्षात ४०० ते ४२५ मिळतील. इतका फरक कंपनीच मान्य करतीय, मग आपण जुन्या गाडीला ब्रोशरचा आकडा धरून कशाला बसायचं.

मग विचारायचं काय? विचारायचं की बॅटरीत आज किती युनिट मावतात. किलोवॉट-अवर म्हणतात ते म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलावरचं युनिटच, वेगळं काही नाही. नवीन असताना ३०.२ मावत होते, आता किती? हा प्रश्न एकदा सुटला की रेंज आपली आपण काढू शकतो, आपल्या रस्त्याची, आपल्या स्पीडची.

इथंच एक गोष्ट बघून घ्या, नेक्सॉनमध्ये मे २०२२ पासून ४०.५ युनिटची मॅक्स पण आली, टियागो ईव्हीमध्ये १९.२ आणि २४ अशा दोन बॅटऱ्या आहेत, बाहेरनं गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. जाहिरातीत नुसतं "टियागो ईव्ही, टॉप कंडिशन" लिहिलेलं असतं. व्हेरियंट आरसीवर आणि सर्व्हिस रेकॉर्डवर बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

आता मोजायचं कसं. सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरवायची, मग १५ अँपिअरच्या सॉकेटला लावून रात्रभर फुल करायची, आणि मधे युनिट मोजणारा मीटर ठेवायचा. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, पण तो १६ अँपिअरचा भार तासन् तास सहन करणारा असावा, हलका घेतला तर वितळेल. नाहीतर सरळ घरचा मीटर, बाकी सगळं बंद ठेवून. साध्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे नऊ-दहा तास धरा.

भिंतीतनं जितके युनिट जातात तितके सगळे बॅटरीत पोचत नाहीत, चार्जर गरम होतो, कूलिंगचा पंप चालतो, दहा ते पंधरा टक्के वाटेतच जातात. बॅटरी नव्यासारखी असेल तर दहावरनं शंभरला जायला आत सत्तावीस युनिट लागणार, म्हणजे मीटरवर तीस-एकतीस दिसायला पाहिजेत. मीटर २६ लाच थांबला तर? २६ मधले बारा टक्के वजा केले की आत गेले तेवीसच्या आसपास, आणि ते नव्वद टक्के भरण्याचे, म्हणजे सगळी बॅटरी साधारण साडेपंचवीस युनिटची उरलीय, नव्याच्या चौऱ्याऐंशी टक्के. पाच टक्के इकडंतिकडं होणार हे धरून चाला, पण पंचाण्णव आणि ऐंशी यातला फरक या पद्धतीत लपत नाही.

काकांचा पुतण्या विचारतोय, "काका, रात्रभर गाडी कोण ठेवून देणार आपल्याला?" बरोबर आहे त्याचं. नाहीच दिली तर मोठी टेस्ट ड्राइव्ह मागा, गल्लीतली चक्कर नाही. सांगलीहून जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर आणि परत, शंभरच्या आसपास होतात. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, टक्के लिहा, आल्यावर टक्के आणि दर किलोमीटरला किती वीज गेली ते लिहा. किलोमीटरला १३० वॉट-अवर (हजार वॉट-अवरचं एक युनिट) या हिशोबाने शंभर किलोमीटरला तेरा युनिट गेले आणि टक्के पन्नास उतरले, तर पूर्ण बॅटरी सव्वीस युनिटची.

यात एक अडचण आहे. नेक्सॉनची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळं गाडीला स्वतःलाच नीट कळत नाही की आपण साठवर आहोत की पन्नासवर. आधीच्या मालकाने कित्येक महिने फुल चार्जच केली नसेल तर टक्क्यांचा काटा भरकटलेला असतो. म्हणून मोजण्याआधी एकदा शंभरपर्यंत भरून थोडा वेळ तशीच लावून ठेवायला सांगा.

आणि खालच्या टोकाला गाडी कशी वागते ते बघाच, कारण खरं दुखणं तिथं दिसतं. पॅकमध्ये खूप सेल एकामागोमाग जोडलेले असतात, बैलजोडीतला एक बैल बसला की दुसऱ्यात कितीही जोर असला तरी गाडी थांबते, तसंच इथं, एक सेल आधी रिकामा झाला की सगळा पॅक रिकामा धरला जातो. वीस टक्क्यांवरनं हळूहळू एकोणीस, अठरा असं उतरत असेल तर ठीक, पण वीसवरनं एकदम बारा, मग सात असं घसरलं तर ती गाडी स्वस्तात मिळत असली तरी सोडा. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, असलेला कोणी ओळखीचा असेल तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक बघायला सांगा, आणि तो फुल चार्जला किंवा वीसच्या खाली बघा, मधे बघून काही कळत नाही.

आता गाडीचा इतिहास. सगळे ओडोमीटर बघतात, "फक्त १२ हजार चाललीय" म्हटलं की डोळे चमकतात. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, उन्हात पत्र्याखाली, शंभर टक्के भरून महिनोन्महिने लावलेली गाडी आणि रोज चालून रात्री सावलीत चार्ज होणारी चाळीस हजारांची गाडी, यात मी दुसरी घेईन. टॅक्सीत चाललेली असेल तर फास्ट चार्जिंग भरपूर झालेलं असणार, इलेक्ट्रिक टॅक्सीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात, खाजगी गाडीची पांढरी, आणि नंतर प्लेट बदलली असली तरी आरसीच्या इतिहासात ते सापडतं.

आणि सांगलीत एक प्रश्न विचारल्याशिवाय व्यवहार करूच नका, जुलै २०२१ ला गाडी कुठं होती? कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या ते इथल्या लोकांना सांगायला नको. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं म्हणून लोक निश्चिंत असतात, पण त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयर्विन पुलाखालचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही हो. इन्शुरन्सचा क्लेम इतिहास काढा, सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा आणि गाळाचा डाग बघा, नारिंगी केबलच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते मेकॅनिकला बघू दे. त्या नारिंगी केबलला तुम्ही स्वतः हात लावायचा नाही, ते हाय व्होल्टेज आहे.

टायर पण बघा. मूळचे हलके फिरणारे टायर जाऊन कुणी स्वस्तातले टाकले असतील तर बॅटरी चांगली असूनही रेंज कमी दिसते, आणि लोक बॅटरीला नावं ठेवतात.

आता रस्ता. हवेचा रेटा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. घाटाचा हिशोब पण अवघड नाही. माणसं, सामान धरून सतराशे किलोची गाडी पसरणी घाटाने वाईहून पाचगणीला सहाशेक मीटर वर चढवायची तर नुसत्या चढाईला पावणेतीन युनिट, मोटरमधला तोटा धरून तीनच्या वर, म्हणजे या बॅटरीचे दहा टक्के घाटातच. उतरताना त्यातले काही परत मिळतात, सगळे नाहीत. जातानाचे आणि येतानाचे चढ सारखे नसतात, त्यामुळं दोन्ही वेळेला टक्के सारखे लागतील असं धरू नका.

काकांना दुकानदाराने शेवटी एक रात्र दिली. दहावरनं शंभर, मीटरवर २८ युनिट. हिशोब केला तर बॅटरी साडेसत्तावीसच्या जवळपास, नव्वद टक्क्यांच्या थोडं वर. चार वर्षं वापरलेल्या गाडीला हे चांगलंच आहे, आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण काकांच्या आयुष्यभराच्या बचतीतला मोठा तुकडा यात जाणार आहे. हायवेला किलोमीटरला १५५ वॉट-अवर धरले तर एका चार्जला पावणेदोनशे किलोमीटर, पंधरा टक्के हाताशी ठेवले तर दीडशे. सांगली ते सातारा सव्वाशेच्या आसपास, म्हणजे साताऱ्यात पोचताना अजून पंचवीस-तीस टक्के असतील, तिथं फास्ट चार्जरला तीस-चाळीस मिनिटं लावली की ऐंशीपर्यंत जाते आणि पुण्यापर्यंतचे एकशेदहा किलोमीटर निघतात.

कागदाचं राहिलं. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि ती मोजायची पहिल्या मालकाच्या तारखेपासून, म्हणजे या गाडीला २०२९ पर्यंत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन वॉरंटी चालू आहे आणि नवीन मालकाच्या नावावर होईल हे लेखी घ्या, जमलं तर बॅटरी हेल्थचा रिपोर्टही. मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि त्याआधी टोकन देऊ नका. काकांनी वॉरंटीचा कागद मागितलाय, तो आला की गाडीचा भाव बसून ठरवायचा, आणि घरी १५ अँपिअरच्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला वायरमनला सांगून ठेवलंय.