ओल्या वावरातली तहान

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या मंडळींना हे दृश्य नवं नाही. पाणी देऊन दोनच दिवस झालेत, मूठभर मातीचा लाडू वळतोय, आणि हरभरा मात्र भर दुपारी माना टाकून उभा. मग आपण काय करतो? आणखी एक पाळी देतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथं, घात होतो तो इथंच.

मातीचे कण पाणी धरून ठेवतात. ते ओढायला मुळाला जोर लावावाच लागतो. त्या पाण्यात मीठ असलं, की मीठही पाण्याला सोडत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तीच ओढ मुळाच्या विरुद्ध लागते.

आता थोडा हिशेब. विहिरीच्या पाण्याची क्षारता 2 डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एकरभर वावराला 5 सेंटिमीटरची पाळी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीत अडीचशे किलो क्षार, 50 किलोची पाच पोती! पाणी उडून जातं, पोती वावरातच राहतात. आणि ओल निम्म्यावर आली, की उरलेल्या पाण्याचा खारटपणा जवळपास दुप्पट होतो.

हलक्या, मुरमाड जमिनीत ओल लवकर आटते, त्यामुळे हा खारटपणा भराभर चढतो. पण एखादा दमदार पाऊस तो खाली धुऊन नेतो. आपल्या काळ्या जमिनीचं तसं नाही. तिच्यात ओल भरपूर, पण त्यातली बरीचशी बारीक कणांनी इतकी घट्ट धरलेली, की पिकाला ती मिळतच नाही. शिवाय निचरा कमी, म्हणून मीठ साचत जातं. त्यात सोडियम जास्त असला तर माती विखुरते, छिद्रं बुजतात. पाणी वर तुंबतं आणि खाली माती कोरडी. तुमच्या मुठीत आलेली ओल वरचीच असते.

पीकही बघून घ्यावं लागतं. मातीच्या अर्काची, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, क्षारता त्याच डेसीसायमनच्या मापात साडेसातच्या आसपास जाईपर्यंत कपाशी तग धरते, कांदा 1.2 च्या पुढेच कुरकुरू लागतो. हरभराही नाजूकच. त्याला शेततळ्यातलं पावसाचं एकच पाणी द्या, खाऱ्या विहिरीच्या दोन पाळ्यांपेक्षा ते बरं.

जिप्समबद्दल बरेच जण विचारतात. जिप्समचा उपयोग सोडियमवर होतो, साध्या खारटपणावर नाही. तेव्हा आधी माती तपासा, मगच पोती आणा.

तोवर घरच्या घरी एक करून बघा. काचेच्या ग्लासात वाळलेलं छोटं ढेकूळ ठेवा आणि हलक्या हातानं पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी ओता. हलवू नका. काही तासांनी ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर सोडियमची शंका घ्यावी. विहिरीचं पाणी मात्र वापरू नका. खारं पाणी तो गढूळपणा खाली बसवतं, आणि चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, मातीही चांगली असल्याचं भासवतं.