पुष्पौषधी: थेंब घेण्याआधी भावना नीट ओळखणे

नमस्कार. पुष्पौषधी म्हटले की अनेकांना सुगंधी तेले आठवतात. या औषधांना मात्र फुलाचा वास नसतो, आणि बाटलीत असते ते प्रामुख्याने पाणी व ब्रँडी. लंडनमधील डॉक्टर आणि जीवाणुशास्त्रज्ञ एडवर्ड बाख यांनी १९३० मध्ये तिथला व्यवसाय सोडला आणि १९३६ मध्ये निधन होण्यापूर्वी मनातल्या भावनेनुसार निवडायच्या ३८ औषधांची ही पद्धत पूर्ण केली. नाजूक फुले पाण्यावर तरंगत ठेवून सुमारे तीन तास उन्हात ठेवायची, किंवा फुलोऱ्यासह डहाळ्या अर्धा तास उकळायच्या. त्यानंतर ते पाणी गाळून त्यात तेवढीच ब्रँडी मिसळायची आणि हे मिश्रण पुन्हा विरळ करायचे, अशी कृती आहे. या ३८ मधले ‘रॉक वॉटर’ तर फुलाचे नाहीच, ते निव्वळ झऱ्याचे पाणी आहे.

या पद्धतीतला खरा रस निवडीत आहे. ‘मला भीती वाटते’ एवढ्या सांगण्यावर औषध ठरत नाही. कुत्र्याची, आजाराची, चारचौघांत बोलण्याची, अशी नाव सांगता येणारी भीती असेल तर मिम्युलस. कारण सापडत नाही आणि तरी मन धास्तावलेले राहते तेव्हा ॲस्पेन. स्वतःची नव्हे तर घरच्यांची सतत काळजी वाटत असेल तर रेड चेस्टनट. आपला स्वतःवरचा ताबा सुटेल असे वाटत असेल तर चेरी प्लम. आणि काळजाचा थरकाप उडाला असेल तर रॉक रोझ. थकव्याचेही तसेच: दीर्घ श्रमांनंतर गळून गेलेल्यांसाठी ऑलिव्ह, तर काम सुरू करण्याच्या नुसत्या विचारानेच थकणाऱ्यांसाठी हॉर्नबीम. निवडलेल्या प्रत्येक औषधाचे दोन थेंब ३० मिलिलिटरच्या बाटलीत पाण्यासोबत मिसळतात आणि त्यातले चार थेंब दिवसातून चार वेळा घेतात.

याचा उपयोग होतो का? परीक्षेच्या धास्तीसारख्या तक्रारींवर नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या एकत्रित आढाव्यांत या थेंबांचा परिणाम प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधी घटक नसलेल्या थेंबांपेक्षा, अधिक आढळलेला नाही. तरीही अनेकांना बरे वाटते, याचे श्रेय मी त्या चौकशीला देईन: आपल्याला नेमके काय होते आहे, हे कुणी तरी आस्थेने, घाई न करता विचारते. ही चौकशी वहीत लिहून स्वतःशीही करता येते आणि तिला बाटली लागत नाही.

थेंब घ्यायचेच असतील तर त्यांत मद्यार्क असतो हे ध्यानात ठेवा. मद्य सोडलेल्यांनी, मद्यासोबत चालत नाहीत अशी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. ग्लिसरीनमध्ये बनवलेले प्रकारही मिळतात. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या यांच्या भरवशावर बंद करू नयेत. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर फूल निवडत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच जा.