मोजक्या जागा, मोजके रेणू

श्रोतेहो, नमस्कार. स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासला की अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहून येतं. म्हणजे त्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणाऱ्या जागा आहेत आणि संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या लागू पडण्याची आशा आहे. पण आजार हाडांत पसरला, तर प्रत्येक ठिकाणचा तुकडा कसा काढणार? तेव्हा इस्ट्रोजेनसारख्याच रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 जोडून तो शिरेतून देतात. याला एफईएस म्हणतात. तो जिथं जिथं चिकटतो, त्या जागा पेट स्कॅनच्या चित्रात उजळून दिसतात. अमेरिकेत 2020 साली त्याला मान्यता मिळाली.

सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजन-18 या जड ऑक्सिजनच्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा केला की हे फ्लोरिन फ्लोराइडच्या रूपात मिळतं. ते पार कोरडं करावं लागतं. ओल राहिली तर पाणी त्याला घेरतं आणि जोडणी होतच नाही. मग आम्लाची प्रक्रिया, एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या तंत्रानं शुद्धीकरण, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं. रेणू तेलकट स्वभावाचा, नळ्यांना चिकटतो, म्हणून थोडं इथेनॉल घालतात.

किरणोत्सर्ग दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. नागपूर ते गडचिरोली चार तास धरले, तर पाव हिस्साही उरत नाही. म्हणून औषध गावाकडं येत नाही, पेशंटलाच जावं लागतं. उशीर झाला म्हणून जास्त मिली टोचूनही भागत नाही. किरणोत्सर्ग संपलेले रेणू, एसटीत रुमाल टाकावा तशा, पेशीतल्या मोजक्या जागा अडवतात आणि स्कॅनवर दिसत नाहीत. यासाठीच एका डोसातलं एकूण द्रव्य साधारण 5 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवतात. नेहमीचा डोस 6 मिलिक्युरी (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप), एक-दोन मिनिटांत हळूहळू. स्कॅन सुमारे 80 मिनिटांनी.

टॅमॉक्सिफेनची गोळी आणि फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन याच जागा अडवतात. मग आजार असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो, हा सगळ्यात मोठा धोका. टॅमॉक्सिफेननंतर 8 आठवडे, फुलवेस्ट्रंटनंतर 28 आठवडे जावे लागतात. लेट्रोझोल ही दुसरी गोळी इस्ट्रोजेन बनणंच रोखते, जागा अडवत नाही. तिची अडचण नाही. पण बायांनो, स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका, ते डॉक्टरच ठरवतील. यकृतात हे औषध मुळातच साठतं, त्यामुळं तिथला आजार यात ओळखू येत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

या स्कॅनला उपाशीपोटी यायची गरज नाही, पाणी भरपूर प्या. गोळ्यांची रिकामी पाकिटंही फाइलसोबत आणा. शेवटच्या इंजेक्शनची तारीख फाइलवर नसेल, तर जिथं टोचलं तिथून आधी लिहून घ्या.