आधी पडदा, मग कार्ड

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज पुढच्या रांगांत मुलं बसलीत आणि मागच्या रांगांत त्यांचे पालक. म्हणजे खर्च पुढे आणि पैसा मागे. मी दोघांच्या मध्ये उभा आहे, सांभाळून बोलतो.

येताना दारातच एका मुलाने मला अडवलं. "काका, गेम खेळायला प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह घेऊ की एएमडीचा रायझन-फाइव्ह?" मी विचारलं, "मॉनिटर कुठला आहे?" तर म्हणाला, "तो नंतर बघू, उरलेल्या पैशांत." माझं आजचं सगळं बोलणं या 'नंतर बघू'च्या विरोधात आहे. पंचवीसेक वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर जुळवून देतोय, आणि पैसे वाया गेलेले जास्तीत जास्त वेळा इथेच पाहिलेत.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. एक जाणकार बाई ठिपके मांडते, कुठला ठिपका कुठे जोडायचा ते ठरवते. मग रंग भरायला आळीतल्या सगळ्या पोरी बसतात. प्रोसेसर म्हणजे ती ठिपके मांडणारी. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद, हा हिशेब तिचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रंग भरणारे हात. आरटीएक्स ४०६० सारख्या मध्यम कार्डातसुद्धा असे ३,०७२ हात असतात. एकेकट्याची अक्कल बेताची, पण बसतात सगळे एकदम.

आता रांगोळी तीच ठेवा, ठिपके तेवढेच, फक्त अंगण चौपट करा. ठिपके मांडणारीचं काम वाढलं का? जवळजवळ नाही. रंगवाल्यांचं मात्र चौपट झालं. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिकाणी रंग भरायचा असतो. १४४०पी पडद्यावर ३६ लाख ८६ हजार ४००, आणि फोर-केवर ८२ लाख ९४ हजार ४००. मोठा पडदा घेतलात की कार्डावर खर्च वाढणार, प्रोसेसर मधला असला तरी निभावतो.

उलट बाजू बघा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणारा मुलगा सगळी सजावट बंद करतो. त्याला सुंदर रांगोळी नको, सेकंदाला २४० रांगोळ्या, म्हणजे फ्रेम, हव्यात. एकेकीला चार मिलिसेकंदांपेक्षा थोडाच जास्त वेळ. तिथे रंगवाले हात बांधून बसतात आणि ठिपके मांडणारीची दमछाक होते. अशा मुलाला महागडं कार्ड देऊन प्रोसेसरमध्ये काटकसर करणं म्हणजे त्याचं नुकसानच.

म्हणून कोणी "बॉटलनेक, म्हणजे अडथळा, किती टक्के?" असं विचारलं की मी हसतो. दोघांपैकी एक नेहमीच दुसऱ्यासाठी थांबलेला असतो. कोण थांबलंय ते घरीच बघता येतं. खेळातलं रिझोल्यूशन, म्हणजे रंग भरायच्या ठिकाणांची संख्या, खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमत होतं. तिथल्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर. त्यासाठी कुठलं कॅल्क्युलेटर लागत नाही.

आता नावांबद्दल, कारण इथे भले भले फसतात. "माझ्याकडे आय-सेव्हन आहे" हे वाक्य मला "माझ्याकडे सेडान आहे" यासारखं वाटतं. कुठल्या सालची? २०१४ च्या आय-सेव्हन ४७९० मध्ये चार कोअर (हिशेब करणारी चार डोकी), आठ थ्रेड (एका वेळी आठ कामं). २०२२ च्या आय-थ्री १२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेड, आणि हा धाकटा त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. रायझन ५५०० आणि ५६०० मध्ये तुम्हाला शंभराचाच फरक दिसतो, पण ५५०० चा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली हाताशी असलेली मेमरी, १६ एमबी आणि ५६०० चा ३२. खेळात तो जाणवतो.

कार्डांचं तर विचारूच नका. जीटी १०३० नावाचं एक स्वस्त कार्ड होतं. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं आलं, जीडीडीआर५ ऐवजी साध्या डीडीआर४ मेमरीचं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून जेमतेम १७ वर उतरला, पण खोक्यावर नाव तेच. माझ्या एका गिऱ्हाइकाने ते दुसरीकडून 'स्वस्तात मिळालं' म्हणून आणलं होतं. मी काही बोललो नाही. पोराचा चेहरा बघून बोलवलं नाही.

आज हाच खेळ मेमरीच्या आकड्यात चालतो. २०२५ मध्ये एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आलं, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आलं. दोन्ही ८ जीबीत मिळतात, दोन्ही १६ जीबीत. फरक काय पडतो? कार्डावरची मेमरी म्हणजे रंगवालीच्या शेजारच्या रंगाच्या वाट्या. सगळे रंग शेजारी मावले तर काम सुरळीत. नाही मावले तर प्रत्येक वेळी उठून घरात जायचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या रॅमपर्यंत हेलपाटा. सरासरी फ्रेमचा आकडा कधी कधी ठीकच दिसतो, पण खेळताना मध्येच हिसका बसतो. म्हणून कुठलीही चाचणी बघताना सरासरीखालचा 'वन पर्सेंट लो'चा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा बघा, हिसके तिथे सापडतात. नुसतं व्हॅलोरंट खेळायचं असेल तर ८ जीबी पुष्कळ. सायबरपंकसारखे मोठे खेळ चार-पाच वर्षं खेळायचे असतील, तर मी १६ चं घेईन आणि पैसे प्रोसेसरमधून कापीन.

प्रोसेसरच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक खरी नवलाई झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्यात मूळच्या ३२ एमबी कॅशवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला, माडीवर माडी. एकूण ९६ एमबी. ठिपके मांडणारीला नक्षीचा कागद आतल्या कपाटातून आणावा लागू नये, हातातच असावा, एवढंच त्यामागचं तत्त्व. घड्याळाचा वेग (क्लॉक स्पीड) त्याच्या साध्या ५८००एक्स भावंडापेक्षा कमी, तरी खेळात हा पुढे. पुढे ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरच्या खाली नेला, म्हणजे वरून उष्णता नीट निघते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीच तापलेली असते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पण सगळ्यांनी एक्स३डीच घ्या असं मी म्हणत नाही. फोर-के पडद्यावर, साठ फ्रेमच्या आसपास खेळणाऱ्याला तो पैसा दिसणारसुद्धा नाही.

त्या ५८००एक्स३डी चिपची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. २०१७ मध्ये घेतलेल्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) अनेक मदरबोर्डांवर, नुसता बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून, ती २०२२ मध्ये बसली. पाच वर्षं बोर्ड तोच. मध्यमवर्गीय घरात हे महत्त्वाचं. आज नवीन मशीन जुळवताना विचारावं तर हे विचारावं: दोन-तीन वर्षांनी या सॉकेटवर काही नवीन बसेल का?

इंटेलवाल्यांनी रागावू नये. बाराव्या पिढीचे प्रोसेसर उत्तम होते, आजही काम देतात. तेराव्या-चौदाव्या पिढीत मात्र वरच्या श्रेणीतल्या चिपा जास्त व्होल्टेज मागून बिघडत होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा, उपाय आला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसला प्रोसेसर घरात असेल तर बायोस अद्ययावत केलाय का, एवढं आज रात्री बघा.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, बघून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं खाणकाम (ते चलन कमावण्याचं काम) थांबलं आणि अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानदारासमोर अर्धा तास खेळ चालवून बघा, पंखे ऐका, मूळ बिल मागा. "बिल नंतर देतो" म्हणाला की चहा पिऊन परत या.

पॉवर सप्लायबद्दल एकच. ग्राफिक्स कार्डासाठी पन्नास हजार मोजणारा माणूस पॉवर सप्लायला हजार रुपयांत का आटोपतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि घरातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर विसंबू नका. त्याचे वॅट साधारण ३६० च होतात, आणि त्यातच मॉनिटरही आला.

आता प्रश्न घेऊ. हो, मागच्या काकू, बोला... "महाग कार्ड बसवूनसुद्धा मुलगा म्हणतो खेळ अडखळतो." काकू, मॉनिटरची केबल मागे कुठे लावलीय? कॅबिनेटच्या मागे दोन जागा असतात. वर, उभ्या पट्टीतली, ती मदरबोर्डची. खाली आडवी, ती कार्डाची. बहुतेक तुमची वर आहे. प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' असता, म्हणजे त्यात स्वतःची ग्राफिक्सची सोय नसती, तर पडदा काळाच राहिला असता आणि चूक पहिल्याच दिवशी कळली असती. तुमच्याकडे चित्र दिसतंय, म्हणून खोक्यातलं कार्ड आजवर आराम करतंय. केबल खाली लावा, मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या (सेकंदाला साठ चित्रांच्या) जागी १४४ करा, मॉनिटर तेवढा असेल तर. तरीही अडखळला, तर उद्या मशीन दुकानात घेऊन या.