लॅपटॉप मिटल्यावर

मित्रहो, पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्ककडे जातानाची वाहतूक कोंडी कोणालाच हवीशी नव्हती. तरी घरून काम करणारी मंडळी मनातलं बोलायला लागली की त्या प्रवासाचा विषय निघतोच. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की ऑफिस मागे पडायचं. आता सहाला लॅपटॉप मिटायचा आणि साडेसातला न्यूयॉर्कच्या कॉलसाठी पुन्हा उघडायचा. उन्हाळ्यात तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे गेली की साडेआठ. मधल्या वेळात करणार काय? सोफ्यावर पडून मोबाइल. आणि ऑफिसचे मेसेज येतात त्याच मोबाइलवर.

झाबीने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली कामाचा शीण कसा उतरतो हे मोजणारी प्रश्नावली मांडली. त्यात चार गोष्टी आहेत: मन कामातून सुटणं, आराम, काहीतरी नवं जमू लागणं आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा. रील्स बघून थोडाफार आराम मिळेलही, पण बाकीच्या तिन्ही गोष्टींचं काय?

आपल्या पुण्यातलंच बघा. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचे सराव चालतात, तिथे आयटीतली कितीतरी मुलंमुली असतात. कमरेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. मेसेज आला तरी बघायला हात मोकळा नाही. ताशावाल्याने चाल बदलली की सगळ्यांनी बदलायची. एकजण चुकला की शेजारच्याला तत्क्षणी कळतं. दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी ‘काल कुठे होतास रे?’ असं विचारणारं कोणीतरी असतं. दिवसभर घरात एकट्याने काम करणाऱ्याला या विचारण्याची फार गरज असते, असं मला मनापासून वाटतं. आवाजाचा त्रास होणाऱ्यांची तक्रार रास्तच आहे, आणि ढोल काही बारा महिने नसतो. मग तबल्याचा क्लास घ्या, नाटकाची तालीम घ्या. वेताळ टेकडी तर रोजची आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झपाझप टेकडी चढणं त्यात बसतं.

याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ मध्ये मांडलेला अंदाज गंभीर आहे. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. घरून काम करताना तास मोजतो कोण?

तुमच्यात टीम लीड असतील, त्यांना माझी विनंती आहे. वेळेवरचा ताबा कर्मचाऱ्याला एकट्याने मिळवता येत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कॉल ठेवूच नका. आणि टीममधल्या कोणाचा मंगळवारी तबल्याचा क्लास असेल, तर त्याला कॅलेंडरवर उघडपणे ‘तबला’ असंच लिहू द्या.