ऐच्छिक कामांच्या यादीतले मैदान

मल्लखांबाला एरंडेल चोळले जात आहे. खांब फार निसरडा झाला तर पकड सुटते आणि कोरडा राहिला तर कातडी सोलवटते, म्हणून उस्ताद स्वतः तळव्याने चाचपून पाहतात. मग एक मुलगी सलामी देते आणि अढी, म्हणजे पायांची पकड, घालून वर सरकते.

बडोद्यात व्यायामाची ही परंपरा तालमींनी जोपासली. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० सालचे. पुढे प्राध्यापक माणिकरावांनी त्याचा लौकिक दूरवर नेला. तालमींना गायकवाडांचा राजाश्रय होता. शिक्षण मात्र सयाजीराव महाराजांनी केवळ राजाश्रयावर सोडले नाही: १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण कायद्यानेच सक्तीचे व मोफत केले. लोकांच्या व्यायामाच्या वाट्याला तसे कायद्याचे बळ आजही आलेले नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे शहरांच्या कामांत मोडतात. परंतु आपली बडोद्याची महानगरपालिका ज्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमानुसार चालते, त्यात रस्ते, दिवे आणि गटारे ही अनिवार्य कर्तव्ये आहेत, तर क्रीडांगणे आणि पोहण्याचे तलाव ऐच्छिक कामांत आहेत. हा भेद आता चालण्यासारखा नाही.

२०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपाझप चालणे. स्त्रियांचे मागे राहणे हा त्यांचा आळस नव्हे. नोकरी आणि स्वयंपाक उरकून ज्या बाईला दिवेलागणीनंतरच उसंत मिळते, तिला मैदानात उजेड नसेल आणि स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर तिने जावे कोठे?

सार्वजनिक आरोग्य आणि क्रीडा हे दोन्ही विषय राज्यसूचीत असल्याने हा भेद मिटवणारा कायदा गुजरात विधानसभेनेच करावा, असे आमचे ठाम मत आहे. क्रीडांगणे अनिवार्य कर्तव्यांत घ्यावीत आणि प्रत्येक प्रभागाला त्यासाठी असा निधी द्यावा, जो दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही. बागेत व्यायामाची लोखंडी साधने बसवण्याचा खर्च एकदाच येतो. शिकवणारा, राखणदार, विजेचे बिल आणि स्त्रियांसाठी राखून ठेवलेली वेळ यांसाठी मात्र दरमहा पैसे लागतात, आणि निधीचा मोठा वाटा तेथेच गेला पाहिजे. ज्या तालमी सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना विनाशुल्क शिकवतील, त्यांना उस्तादांच्या मानधनासाठी याच निधीतून अनुदान मिळावे, आणि त्याचा वर्षाचा हिशेब प्रत्येक तालमीच्या दारावर गुजराती व मराठीत लावणे बंधनकारक असावे.