छपराखालचं गवत

नमस्कार श्रोतेहो.

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र तुम्ही विसरला नसालच. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, पावसाने दोन तास खाल्लेले, आणि मग हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी मिळवलेला विजय. आता त्याच मैदानाची आधीची वर्षं बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत झाली. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला 3-2 असं हरवलं. पाठोपाठ आयपीएलचे सामने. त्याच ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या संगीत बँडचा कार्यक्रम, आणि हजारो पाय थेट मैदानावर.

क्रिकेटला मधोमध टणक मातीची खेळपट्टी लागते. फुटबॉलला तीच जागा हिरवी, सपाट आणि मऊ हवी असते. मैफलीला गवताशी काही देणंघेणं नसतं, ती त्यावर फळ्या अंथरते आणि त्याचं ऊन अडवते. बहुउद्देशीय स्टेडियम म्हणजे हा तिढा, आणि तो रोज सोडवतात मैदानावरचे कर्मचारी. माझं तर ठाम म्हणणं आहे की नाणेफेकीच्या वेळी कर्णधारांबरोबर मुख्य क्युरेटरचंही, म्हणजे खेळपट्टी आणि मैदान तयार करणाऱ्याचंही नाव मोठ्याने पुकारलं पाहिजे. बक्षीस समारंभात प्रायोजकांची दहा माणसं स्टेजवर येतात, पावसात कव्हरं ओढणारा एकही येत नाही. हे मला खुपतं.

असो. मुद्दा एवढाच लक्षात ठेवा: आधी गवत, मग छप्पर. हा क्रम चुकला की काय होतं, त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहर आहे. उन्हाळा भाजून काढणारा, हवा दमट, आणि डास तर विचारू नका. तिथले माजी महापौर रॉय हॉफहाइन्झ यांनी ठरवलं की बेसबॉलचं अख्खं मैदान छपराखाली घ्यायचं आणि वातानुकूलित करायचं. एप्रिल 1965 मध्ये ॲस्ट्रोडोम उघडला. जगातलं आठवं आश्चर्य म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि लोकांनाही तो तसाच वाटला. आत खरं गवत वाढवायचं होतं, म्हणून घुमटाला साडेचार हजारांहून जास्त पारदर्शक तावदानं बसवली. ऊन आत येईल, गवत वाढेल, प्रेक्षक गारव्यात बसतील. कागदावर सगळं चोख!

मग दिवसा सराव सुरू झाला. चेंडू उंच उडाला, क्षेत्ररक्षकाने मान वर केली, आणि त्याला दिसला नुसता चकचकाट. तावदानं आणि त्यांना धरणारं पोलादी जाळं यांच्या झगमगाटात पांढरा चेंडू पार हरवून जायचा. गॉगल लावून पाहिले. रंगीत चेंडू वापरून पाहिले. काही खेळाडू तर हेल्मेट घालून झेल घ्यायला उभे राहिले. चेंडू काही दिसेना.

शेवटी तावदानांवर रंग फासला. चेंडू दिसायला लागला, आणि गवत मेलं.

मरणारच ना! ऊन अडवल्यावर ते जगणार कशावर? पण हंगाम निम्माही झाला नव्हता, तिकिटं विकली जात होती, सामने थांबवणं परवडणारं नव्हतं. म्हणून उरलेला हंगाम वाळक्या गवतावर आणि मातीवर खेळले, आणि लांबून हिरवं दिसावं म्हणून त्यावर चक्क हिरवा रंग मारला.

पुढच्या वर्षी उपाय सापडला. मॉन्सँटो कंपनीने नायलॉनचं गवत तयार केलं होतं. 1966 मध्ये ते आधी मैदानाच्या आतल्या भागात अंथरलं, आणि पुरेसा माल तयार झाल्यावर जुलैत बाहेरच्या भागात. या गवताला पाणी नको, खत नको. मैदानावरचे कर्मचारी अंतराळवीरांसारखे पोशाख घालून त्यावरून व्हॅक्युम क्लीनर फिरवायचे. आणि ॲस्ट्रोडोममधलं म्हणून त्याचं नाव पडलं ॲस्ट्रोटर्फ.

हो, हॉकीवाल्यांच्या तोंडी असतं तेच ॲस्ट्रोटर्फ!

गवताची काळजी संपली, तसा ॲस्ट्रोडोम कशालाही तयार झाला. तिथे मुहम्मद अली लढला. 1968 मध्ये मधोमध लाकडी कोर्ट मांडून बास्केटबॉल झालं, बावन्न हजारांवर माणसं आली. 1973 मध्ये टेनिसपटू बिली जीन किंगने तिथेच बॉबी रिग्ज या पुरुष टेनिसपटूला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. 2005 मध्ये कॅटरिना वादळाने बेघर झालेली हजारो माणसं त्याच छपराखाली राहिली. स्टेडियम अशा वेळी दार उघडतं, हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग असं मी मानतो.

पण आपल्याला त्या गवताची धग लागली 1976 मध्ये. आदल्याच वर्षी अजितपाल सिंगच्या संघाने क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 असं हरवून विश्वचषक जिंकला होता. मग मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. भारत सातवा आला. 1928 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक आणणारा देश रिकाम्या हाताने परतला. नैसर्गिक गवतावर चेंडू उसळतो, अडतो, तिथे मनगटाची कला चालते. टर्फवर तो सुसाट जातो, तिथे पळणारा आणि जोरात मारणारा जिंकतो. सगळा दोष टर्फवर टाकणं मला पटत नाही, आपले इतर गोंधळही होतेच. पण ज्या पोराला टर्फ बघायलाही मिळत नाही, त्याने त्यावरचा खेळ शिकायचा कुठे? आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेने तुटक्या स्टिकने सुरुवात केली आणि तो चार ऑलिंपिक खेळला, हे आठवलं की मला आजही भरून येतं. ऑलिंपिकमध्ये 1980 च्या सुवर्णानंतर पुढचं पदक आलं ते थेट टोकियोत, कांस्यपदक.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी गवत, मग छप्पर. जपानमध्ये सप्पोरोला हे नीट केलंय. 2001 मध्ये उघडलेल्या त्या घुमटात फुटबॉलचं अख्खं मैदान एका तबकात आहे, वजन सुमारे 8,300 टन. हवेच्या दाबाने भार हलका करतात आणि मैदान चाकांवरून बाहेर उन्हात नेतात. 2022 पर्यंत आत व्यावसायिक बेसबॉल चालू असायचा, बाहेर गवत वाढत असायचं. फुटबॉलचा सामना आला की मैदान परत आत. तुमच्या शहरात नव्या क्रीडा संकुलाचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा आसनं किती हे सगळेच विचारतील. तुम्ही विचारा, गवताला रोज किती तास ऊन मिळणार, आणि दोन कार्यक्रमांच्या मधे त्याला किती दिवस विश्रांती देणार. आकडा मागा, आणि तो लेखी मागा.

नमस्कार.